साधनं परदेशी, आकाश गोव्याचं: फुकट मिळणाऱ्या खगोल-साधनांची पारख

पाऊस ओसरला, दिवाळी झाली की दुर्बीण कोणती घ्यावी हा प्रश्न सुरू होतो. त्याचं उत्तर वर्षभर पुढे ढकललं तरी काही बिघडत नाही. इंटरनेटवर पैसे न मोजता मिळणारी पाच-सहा साधनं आणि १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) एक द्विनेत्री एवढ्या शिदोरीवर पहिला हंगाम आरामात निघतो. साधनं उत्तम आहेत. गोम एवढीच की ती बनवणारे बहुतेक लोक ४०-५० अक्षांशांवर, थंड आणि बऱ्यापैकी कोरड्या हवेत राहतात. पणजी साडेपंधरा अक्षांशावर. इथे हवेत बाराही महिने समुद्र मिसळलेला, नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम, एप्रिल-मे धूसर, आणि जून ते सप्टेंबर दुकान बंद. म्हणून या परीक्षणात कसोटी एकच: साधनाला आपला पत्ता किती शिकवता येतो? जे शिकतं ते वर, जे हट्टाने आपलंच म्हणतं ते खाली.

स्टेलेरियम

संगणकावरचं हे तारांगण २००० च्या आसपास सुरू झालं आणि आजही मुक्तस्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. भाषांच्या यादीत मराठीही आहे. बाकीची साधनं नसली तरी चालेल, हे मात्र हवंच. पण बसवल्या बसवल्या आकाश पाहायला घेतलंत तर ते तुमचं आकाश नसतं.

पहिली चूक ठिकाणाची. प्रोग्रॅम इंटरनेटवरून ठिकाण ओळखतो, आणि इंटरनेट कंपनीचा पत्ता मुंबईचा निघाला तर तुम्हाला मुंबईत नेऊन बसवतो. वरच्या अर्ध्या आकाशात फरक कळत नाही, दक्षिणेला कळतो. त्रिशंकू या दक्षिणेकडच्या चार ताऱ्यांच्या समूहातला तळाचा ठळक तारा मुंबईत जेमतेम ८ अंश वर येतो, पणजीत साडेअकरा. म्हणून एफ६ दाबून खिडकी उघडायची, नेटवर्कची खूण काढायची, अक्षांश १५.५ उत्तर आणि रेखांश ७३.८ पूर्व भरायचे आणि हेच ठिकाण कायमचं ठेवायचं. काणकोण किंवा पेडण्यासाठी वेगळं ठिकाण जतन करायची गरज नाही. गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षांशाचा फरक एका अंशापेक्षाही कमी आहे.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती चूक आहे हेच लक्षात येत नाही. आकाशात खाली असलेल्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि वाटेत आटतो. ही घट किती धरायची याचा एक आकडा स्टेलेरियममध्ये असतो: एफ४, आकाशाचं पान, वातावरणाशेजारचं पाना-चिन्ह. मूळ बसवलेला आकडा उंच, कोरड्या डोंगरमाथ्याला शोभेल असा आहे. तो तसाच ठेवला की पडद्यावर त्रिशंकूचे चारही तारे लख्ख दिसतात आणि किनाऱ्यावर उभ्या माणसाला दोनच.

योग्य आकडा काढायला विंडी हे हवामानाचं साधन उघडायचं आणि त्यातला एरोसोलचा पदर लावायचा. पणजीवर बोट ठेवलं की हवेतल्या कणांचा एक आकडा मिळतो. त्याला १.०९ ने गुणायचं आणि त्यात ०.१२ मिळवायचे. आलेलं उत्तर स्टेलेरियममध्ये भरायचं. विंडी ०.२ दाखवत असेल तर ०.३४, ०.५ दाखवत असेल तर ०.६७. साडेअकरा अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्या थराच्या जवळजवळ पाचपट असतो. त्यामुळे पहिल्या, म्हणजे ०.२ च्या रात्री त्रिशंकूचा तळचा तारा पावणेदोन प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) मंद होतो, म्हणजे ०.८ चा अडीच प्रतीचा दिसतो. दुसऱ्या रात्री तो सव्वातीन प्रतींनी घसरून चौथ्या प्रतीपलीकडे जातो, आणि गावातल्या उजेडात शोधूनही सापडत नाही. आकाश निरभ्रच आहे, चांदणं नाही, डोक्यावर तारे आहेत, मग दक्षिणेलाच काय झालं? झालं एवढंच. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे आणि काणकोणपर्यंतचं पेट्रोल वाचवतो.

तिसरी गोष्ट क्षितिजाची. प्रोग्रॅममधलं मूळ क्षितिज सपाट कुरणाचं आहे. गोव्यात माड, डोंगर आणि शेजाऱ्याची पाण्याची टाकी असते. आपल्या गच्चीचं क्षितिज बनवणं वाटतं तितकं अवघड नाही. फोनमधल्या कोनमापकाने दर १० किंवा १५ अंशांना अडथळ्याची उंची मोजायची. साध्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक ओळीत आधी दिगंश (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन), मग उंची, अशा २४ ते ३६ ओळी लिहायच्या. सोबत क्षितिजाचं नाव आणि प्रकार सांगणारी सहा-सात ओळींची दुसरी फाइल लागते. तिचा नमुना मार्गदर्शिकेत आहे. दोन्ही फाइल एकत्र झिप करून क्षितिजांच्या पानावरून आत घ्यायच्या. इथे हमखास चुकतं ते होकायंत्र: स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या फोनच्या होकायंत्राला १०-२० अंशांनी सहज फसवतात. रात्री ध्रुव दिसत असेल तर त्याच्यावरून उत्तर ठरवावी. होकायंत्रावर विसंबून काढलेलं क्षितिज अख्खंच्या अख्खं बाजूला सरकतं. एकदा क्षितिज नीट बसलं की अगस्त्याचा तारा टाकीच्या मागून किती वाजता बाहेर येईल हे मिनिटाच्या हिशेबात कळतं.

फोनवरची आवृत्ती वेगळी आहे. तिच्यातल्या काही सोयींना पैसे पडतात. ताऱ्याचं नाव पटकन विचारायला ती बरी, नियोजनाला संगणकच हवा.

छापील नकाशा आवडत असेल तर महिन्याच्या आकाशाचे फुकट नकाशे देणारी द इव्हनिंग स्काय मॅप ही सेवा आहे. तिच्या उत्तर, विषुववृत्तीय आणि दक्षिण अशा तीन आवृत्त्या निघतात. भारत उत्तर गोलार्धात म्हणून लोक डोळे झाकून उत्तरेची घेतात. गोव्याला विषुववृत्तीय जास्त जवळची पडते. तीवर दिलेल्या वेळेत ३५ मिनिटं मिळवायची, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला.

प्रकाशप्रदूषणाचा नकाशा

लाइट पोल्यूशन मॅपवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला जातो आणि सगळ्यात जास्त फसगतही याच्यावरूनच होते. दोष नकाशाचा कमी, वाचणाऱ्याचा जास्त. यात मुख्य पदर दोन. एक उपग्रहाने वरून मोजलेल्या दिव्यांचा, दर वर्षी नवा. दुसरा २०१५ सालचा जागतिक आराखडा, ज्यात त्या दिव्यांचा उजेड हवेत पसरून आकाश किती उजळतं याचं गणित केलेलं आहे.

पहिला पदर जमिनीवरचे दिवे दाखवतो, आकाशाचा काळोख दाखवत नाही. मांडवीच्या पलीकडे एखाद्या टेकडीवर काळा ठिपका दिसला म्हणजे तिथलं आकाश काळं असं मुळीच नाही. पणजी आणि पर्वरीचा उजेड त्या टेकडीच्या डोक्यावर तसाच असतो. बोर्टल श्रेणी, म्हणजे जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली १ ते ९ अशी काळोखाची मोजपट्टी, पाहायची ती दुसऱ्या पदरावर बोट ठेवून.

दुसऱ्या पदराची अडचण त्याच्या सालातच आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. २०१५ च्या आराखड्याला तो ठाऊकच नाही, आणि त्याच्याभोवती आलेले रस्ते आणि हॉटेलंही नाहीत. पेडणे तालुक्याचा जुन्या पदरावरचा रंग पाहून कोणी तिकडे मुक्काम ठरवत असेल तर आधी नवा उपग्रह-पदर लावून दोन्ही शेजारी शेजारी पाहावेत. जिथे दिवे वाढलेत तिथे जुना आकडा एक पायरी खराब धरावा.

अजून दोन खाचा आहेत. हा उपग्रह मध्यरात्रीनंतर, साधारण दीडच्या सुमारास वरून जातो. संध्याकाळी ७ ते ११ या वेळात जळून नंतर मालवले जाणारे दिवे त्याच्या हिशेबात नाहीत, आणि हौशी माणूस नेमका त्याच वेळात बाहेर असतो. शिवाय त्याच्या संवेदकाला ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश दिसत नाही. पंचायतीने पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले की नकाशावर गाव जरा काळोखं झाल्यासारखं दिसतं, आणि वर पाहावं तर आकाश आधीपेक्षा दुधाळ. नकाशा खोटं बोलत नाही. त्याला निळं दिसतच नाही.

किनारपट्टी सोडून पूर्वेला गेलं की गोष्टी भराभर सुधारतात: सत्तरीचा वरचा भाग, चोर्ला घाट, सांग्यातलं नेत्रावळी, काणकोणातलं खोतीगाव. पण यातला बराचसा भाग अभयारण्याचा आहे, आणि रात्री आत राहायला वनखात्याची परवानगी लागते. हे नकाशा सांगत नाही. वेशीबाहेरच्या एखाद्या होमस्टेचं अंगण गाठणं सोपं, फक्त मालकाला आवारातले दिवे बंद करशील का हे बुक करतानाच विचारून घ्यावं. दक्षिणेचे तारे पाहायचे तर काणकोण चांगलं. उत्तर गोव्यातून पाहताना दक्षिणेलाच पणजी-वास्कोचा उजेड उभा असतो. काणकोणातून तिकडे कारवार आहे, पण त्याचा त्रास कमी. आगोंद आणि गालजीबागच्या वाळूवर हंगामात कासवं अंडी घालायला येतात. तिथे बॅटरी, मग ती लाल असली तरी, वाळूवर पेटवायची नाही.

हवामान

क्लिअर आउटसाइड ही इंग्लंडातल्या एका दुर्बीण-विक्रेत्याची सेवा. तासातासाचे आडवे पट्टे: खालचे, मधले, वरचे ढग टक्क्यांत, तापमान, दवबिंदू, चंद्र. हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे वाईट. दिसायला इतकं सोपं की लोक नुसते रंग पाहून मोकळे होतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी ढगांचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. ऑक्टोबरात आणि एप्रिलनंतर नाही. दुपारी समुद्राकडून येणारा वारा घाटाला अडून ढग बनवतो, रात्री जमिनीवरचा वारा उलटा फिरतो, आणि एवढा बारीक खेळ अंदाज काढणाऱ्या जागतिक संगणक-प्रारूपाच्या मोठ्या चौकोनांत मावत नाही. अशा दिवसांत अंदाज बाजूला ठेवून हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅटची चित्रं पाहावीत. ढग कुठून कुठे सरकताहेत ते ओळीने तीन-चार चित्रं पाहिली की कळतं. रात्रीचं चित्र अवरक्त असतं, आणि त्यात एक खोट आहे: जमिनीलगतचे ढग आणि धुकं हे समुद्राइतकेच उबदार असल्याने वेगळे उठून दिसत नाहीत. चित्र स्वच्छ आणि बाहेर धुकं, असं डिचोली-साखळीकडच्या पहाटेला सहज होतं.

या साधनातली खरी कामाची ओळ दवबिंदूची, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन साचते त्याची, आणि तीच कोणी वाचत नाही. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांत तीन अंशांपेक्षा कमी अंतर उरलं की भिंग ओलं होणार. गोव्यात जानेवारीतही रात्री दहा-अकरानंतर हे अंतर तितकं कमी होतं. आधी शोधक दुर्बिणीचं, म्हणजे मोठ्या दुर्बिणीवर बसवलेल्या छोटीचं, भिंग जातं, मग द्विनेत्रीचं, आणि पाहणाऱ्याला वाटतं आकाशच धूसर झालं. बोटाने किंवा रुमालाने पुसायचं नाही. भिंगावरचा थर ओरखडतो आणि मीठ चोळलं जातं. १२ व्होल्टची गरम पट्टी किंवा मंद वाऱ्यावर ठेवलेला हेअर ड्रायर. आणि नळीच्या तोंडाला तिच्या व्यासाच्या दीडपट लांबीची कॉलर. जुन्या योगा मॅटची होते.

हवेतल्या कणांबद्दल क्लिअर आउटसाइड काही सांगत नाही. सगळे पट्टे हिरवे आणि आकाश पिठूळ, हा मार्चनंतरचा नेहमीचा अनुभव. त्यासाठी वर सांगितलेली विंडी.

चंद्राचं मात्र कुठलंच साधन नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली संकष्टी पाहावी. त्या दिवसापासून चंद्र रात्री उशिरा उगवायला लागतो, म्हणजे संध्याकाळ काळोखी. तिथून अमावास्या ओलांडून शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंतचे पंधरा दिवस आपले. सूर्यास्तानंतर सव्वा तासाने पूर्ण काळोख होतो. त्याआधी अंधूक गोष्टी शोधत बसू नये.

थोडक्यात उरकण्यासारखी

हेवन्स-अबव्ह: अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावरून कधी जाणार याचं कोष्टक. ठिकाण न भरता उघडलं तर ते शून्य अक्षांश, शून्य रेखांश धरतं, म्हणजे आफ्रिकेजवळचा समुद्र. तिथलं कोष्टक फोनाफोनी पाठवलं जातं आणि मग कोणाला काहीच दिसत नाही. ठिकाण आणि वेळक्षेत्र दोन्ही भरावं. सर्वोच्च उंची ३५ अंशांपेक्षा कमी असलेल्या ओळी माडांच्या गावात सोडून द्याव्यात.

अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट: फोटो चढवला की त्यातले तारे ओळखून आकाशाचा कुठला तुकडा आहे ते सांगतं. तिवईवरच्या फोनने १०-१५ सेकंदांचा फोटो पुरतो. अडकतं ते झावळ्यांमुळे. पानांच्या कडांवरचे उजळ ठिपके ते तारे समजून बसतं. झाडं कापून मधलं आकाश तेवढं द्यावं, आणि चित्राच्या रुंदीचा अंदाज, फोनसाठी साधारण ४० ते ८० अंश, आधीच भरावा. उत्तर खूप लवकर येतं. फोटो सर्वांना दिसावा की नाही हा पर्याय चढवण्यापूर्वी तपासावा.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचं वार्षिक कॅलेंडर: हे फुकट मिळतं आणि नेमकं असतं, फक्त त्यातला ताशी आकडा बातम्यांसारखा वाचायचा नाही. मिथुन उल्कावर्षावाला, १३-१४ डिसेंबरच्या रात्री, ताशी १५० लिहिलेलं असतं. तो आकडा उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना भासतात ती जागा, अगदी डोक्यावर आणि साडेसहा प्रतीपर्यंतचे तारे दिसणारं आकाश धरून काढलेला. पाचव्या प्रतीपर्यंतचंच दिसत असेल तर त्याला चाराने भागावं. हातात येतात तासाला ३५ च्या आसपास, तेही मध्यरात्रीनंतर; गावात, चौथ्या प्रतीच्या आकाशात, बारा-तेरा. ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाच्या ओळीवर गोवेकराने सरळ काट मारावी.

परदेशी सल्ला, देशी मंडळ्या

क्लाउडी नाइट्ससारख्या इंटरनेटवरच्या परदेशी चर्चापीठांवर दुर्बिणींबद्दल जगातली बहुतेक माहिती साठलेली आहे, आणि आरसा जुळवणं, आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) निवडणं, दुरुस्ती यांसाठी तिला तोड नाही. हवामानाशी जोडलेला सल्ला मात्र उलटा करून वाचावा लागतो. तिथे सांगतात: दुर्बीण घरातून बाहेर काढली की तासभर थंड होऊ द्या. त्यांचं घर २० अंश, अंगण शून्य. आपल्याकडे घर आणि अंगण यांत चार-पाच अंशांचा फरक. अर्धा तास पुरे. अडचण येते ती एसीच्या खोलीत ठेवलेल्या दुर्बिणीची. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो आणि आरसा २२ अंशांना गार झालेला. बाहेर आणताक्षणी थंड ताकाच्या पेल्यासारखा तो घामेजतो. दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवायचीच नाही, किंवा बंद पिशवीतच बाहेर आणून ती हवेइतकी गरम झाल्यावर उघडायची.

बुरशी हा विषय तिथे पुरवणीत असतो. गोव्यात तो पहिल्या पानावर हवा. चार महिन्यांच्या पावसात कापडी किंवा चामडी पिशवीत ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात, आणि ते काच खातात. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत २००-३०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन-तीन तास भाजून परत आत. जुलैत एकदा तरी डबा उघडून पाहावा.

फोटोवाल्यांसाठी स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्याच्या कृती सगळीकडे भरपूर आहेत, आणि बहुतेक कृती ध्रुव लख्ख दिसतो असं धरून चालतात. गोव्यात तो साडेपंधरा अंशांवर, धुरकट पट्ट्यात, बहुधा कोणाच्या तरी माडाआड. शार्पकॅप या प्रोग्रॅममधली पद्धत ध्रुवाजवळचं आकाश दिसलंच पाहिजे म्हणते, म्हणून ती बाद. नीना या फुकट प्रोग्रॅममधली तीन बिंदूंची पद्धत आकाशात कुठेही चालते: तीन फोटो घेते, त्यांतले तारे ओळखते, आणि स्टँड किती कलवायचा ते सांगते. गोव्यात हीच वापरावी.

मराठीत विचारायचं, ऐकायचं असेल तर पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं खगोल मंडळ यांचे कार्यक्रम आणि साहित्य इंटरनेटवर पाहता येतं. व्याध, अगस्त्य, मित्र, कृत्तिका ही नावं तिथे सहज कानावर पडतात, हा मोठा फायदा. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही गोव्याची आपली मंडळी आहे. जुंता हाऊसच्या माथ्यावरच्या त्यांच्या वेधशाळेने शहरातल्या कित्येकांना शनीची कडी पहिल्यांदा दाखवली. जाण्याआधी वेळापत्रक विचारून जावं. दुर्बीण घ्यायच्या विचारात असलेल्याने तीन वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावल्याशिवाय पैसे काढू नयेत, आणि ते कुठल्याच संकेतस्थळावर जमत नाही.

एएव्हीएसओ

शेवटी ठेवली आहे ती या सगळ्यांतली सर्वात जुनी आणि सर्वात कमी दिखाऊ सेवा. अमेरिकेत १९११ मध्ये सुरू झालेली ही संस्था, अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्यांच्या, नोंदी जगभरच्या हौशी लोकांकडून गोळा करते. नोंद पाठवायला वर्गणी लागत नाही. खातं उघडून निरीक्षक-संकेत मागवला की झालं. आपला पत्ता शिकवायच्या कसोटीवर हिला पूर्ण गुण, कारण पत्त्याने तिला काही फरकच पडत नाही. धूसर हवा लक्ष्य-ताऱ्याला आणि शेजारच्या तुलना-ताऱ्याला जवळजवळ सारखीच मंद करते, आणि आपण नोंदवतो तो दोघांतला फरक. अट एकच: दोघं साधारण सारख्या उंचीवर हवेत.

सुरुवातीला गरुड तारकासमूहातला ईटा हा तारा घ्यावा. गरुडातल्याच श्रवण या ठळक ताऱ्याच्या सरळ दक्षिणेला ८ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा किंचित कमी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसातला नैर्ऋत्येच्या बाजूला तो चांगला उंच असतो. ७.१८ दिवसांत तो ३.५ पासून ४.४ प्रतीपर्यंत उतरून परत चढतो. चढतो झपाट्याने, उतरतो सावकाश. संस्थेच्या साइटवर नकाशा काढताना नावाच्या जागी तारा भरायचा, मोजपट्टी ए निवडायची, आणि मंदतेची मर्यादा ७ वर आणायची. ती तशीच सोडली तर पानावर तीळ सांडल्यासारखे ठिपके येतात आणि काही ओळखू येत नाही.

नकाशावर ताऱ्यांशेजारी ३७, ४४ असे आकडे असतात. नवख्याचा इथेच गोंधळ होतो. ते ३.७ आणि ४.४ आहेत, दशांशचिन्ह छापलं तर त्यालाच कोणी तारा समजेल, म्हणून गाळलेलं. ३७ म्हणजे गरुडाचा बीटा, ४४ म्हणजे आयोटा. ईटाचं तेज या दोघांच्या मधे कुठे पडतं ते पाहायचं. बीटापासून आयोटापर्यंतच्या वाटेत एक तृतीयांश उतरलेला वाटला तर ३.९. सलग टक लावून पाहू नये. नजर तिघांवर आळीपाळीने फिरवावी, नाहीतर लालसर तारा हळूहळू उजळ वाटायला लागतो. कालचा आकडा आज पाहण्याआधी वाचायचा नाही, आणि पाहिल्यावर तो जुळवून घ्यायचा नाही.

नोंदीतली सर्वाधिक चूक वेळेची. फॉर्मला जागतिक वेळ लागते, म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे: संध्याकाळी ७.४० म्हणजे १४.१०. पहाटे साडेपाचच्या आतल्या नोंदीला तारीखही एक दिवस मागे जाते. १२ तारखेच्या पहाटे ४ वाजता पाहिलेला तारा ११ तारखेला, २२.३० वाजता भरायचा. सात दिवसांत चक्र पूर्ण करणाऱ्या ताऱ्याचा आलेख एका दिवसाने सरकला तर तुमचा ठिपका बाकीच्या सगळ्यांच्या रेषेपासून लांब, एकटाच वर जाऊन बसतो.